ॲटनबरो (इंग्लिश आडनाव)

इंग्लंडच्या मध्य भागातील नॉटिंगहॅमशर काउंटीत उगम पावलेले एक दुर्मीळ ग्रामवाचक आडनाव. मूळ उच्चार ‘ॲटनबरा’च्या जवळ जातो, पण मराठीत ‘ॲटनबरो’ हेच रूप रूढ झाले आहे. मराठी वाचकाला हे नाव दोन भावांमुळे ठाऊक आहे : ‘गांधी’ चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो (१९२३–२०१४) आणि निसर्गविषयक माहितीपटांचे निवेदक डेव्हिड ॲटनबरो (जन्म १९२६). या दोघांची ख्याती एवढी मोठी की आडनाव इंग्लंडात घरोघरी सापडत असेल, असे वाटू शकते. प्रत्यक्षात स्मिथ किंवा जोन्स ही आडनावे लावणारे लोक ब्रिटनमध्ये लाखांनी मोजावे लागतात, तर ॲटनबरो मूठभर आहेत आणि त्यांतलेही बरेचसे पिढ्यानपिढ्या एकाच पट्ट्यात राहत आले आहेत. आडनावांच्या अभ्यासकांना हे नाव मोलाचे वाटते ते याच कारणाने. एका गावापासून निघालेले नाव किती पसरले आणि ते लावणारे लोक खरोखर एका रक्ताचे आहेत का, हे दोन्ही प्रश्न इथे बऱ्यापैकी नेमकेपणाने तपासता आले आहेत.

मूळ गाव

ॲटनबरो हे गाव ट्रेंट नदीच्या उत्तर काठावर, नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येला सात-आठ किलोमीटरवर आहे. आज ते बीस्टनच्या वस्तीला जवळजवळ जोडले गेले आहे. गाव कधीच मोठे नव्हते. मात्र तिथले सेंट मेरी हे मध्ययुगीन चर्च शेजारच्या चिलवेल आणि टोटन या गावांचेही चर्च होते, त्यामुळे गावाच्या आकाराच्या मानाने त्याचे नाव पंचक्रोशीत जास्त चालत असे. नदीकाठच्या सखल जमिनीत १९२९ पासून वाळू आणि खडी काढली गेली. त्या खड्ड्यांत पाणी साचून तळी झाली, पक्षी येऊ लागले आणि १९६६ मध्ये तिथे निसर्ग राखीव क्षेत्र सुरू झाले. त्याचे उद्घाटन डेव्हिड ॲटनबरो यांनीच केले.

गावाच्या नावाचा दुसरा भाग म्हणजे जुन्या इंग्लिशमधला ‘बुर्ह’, अर्थात तटबंदी असलेली जागा, गढी. लफबरो, पीटरबरो, स्कारबरो या नावांतही तोच आहे. पहिला भाग ‘अड्डा’ या अँग्लो-सॅक्सन व्यक्तिनामावरून आला, असे स्थलनामांचे अभ्यासक मानतात. म्हणजे कुणा अड्डाची किंवा त्याच्या माणसांची गढी.

आडनावाची आणखी एक उपपत्ती सांगितली जाते. मध्ययुगीन इंग्लिशमध्ये ‘ॲट’, ‘ॲटे’, ‘ॲटन’ ही रूपे ‘अमुक ठिकाणी राहणारा’ या अर्थाने नावाला जोडत. भारताला स्वातंत्र्य मिळाले तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान असलेल्या क्लेमंट ॲटली यांचे आडनाव असेच बनलेले आहे : कुरणापाशी किंवा रानातल्या मोकळ्या जागेपाशी राहणारा. त्या न्यायाने कुठल्याही गढीपाशी किंवा टेकाडापाशी राहणारा माणूस ‘ॲटन-बरो’ म्हणवला जाऊ शकतो आणि मग या आडनावाचा नॉटिंगहॅमशरच्या गावाशी संबंध असण्याची गरज उरत नाही. ॲटनबरो, ॲटनबरा, ॲटनब्रो अशी जी निरनिराळी लेखनरूपे जुन्या दप्तरांत दिसतात, त्यांतली काही अशी स्वतंत्रपणे जन्मलेली असू शकतील. पण व्याकरणाने शक्य आहे म्हणून ते तसेच घडले असे होत नाही. गढ्या आणि टेकाडे साऱ्या इंग्लंडभर आहेत. नाव अशा अनेक जागी जन्मले असते, तर ते देशभर विखुरलेले दिसले असते. ते तसे दिसत नाही. एकोणिसाव्या शतकातली जनगणना पाहिली तर ॲटनबरो कुटुंबांची दाटी नॉटिंगहॅमशर आणि त्याला लागून असलेल्या डर्बीशरमध्ये, म्हणजे गावाच्या आसपासच आढळते. त्यामुळे गावावरून आडनाव आले, हे मत जास्त सयुक्तिक ठरते.

गाव सोडणाऱ्याचे आडनाव

ग्रामवाचक आडनाव गावात राहणाऱ्याला पडत नाही. गावातल्या गावात सगळेच त्या गावचे, तेव्हा तशी ओळख निरुपयोगी. माणूस दुसरीकडे जाऊन राहिला की तिथले लोक त्याला मूळ गावावरून हाक मारतात. चिपळुणातून बाहेर पडलेला चिपळूणकर होतो, तसेच हे. म्हणून पहिला ॲटनबरो हा ॲटनबरोत राहणारा नसून तिथून निघून जवळपास कुठेतरी स्थिरावलेला माणूस असणार.

या गावचा इतिहासप्रसिद्ध सुपुत्र कोण हे पाहिले, की हा मुद्दा आणखी पटतो. सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात राजाविरुद्ध लढलेल्या ऑलिव्हर क्रॉमवेलचा जावई आणि पार्लमेंटच्या सैन्यातला सेनानी हेन्री आयर्टन १६११ मध्ये ॲटनबरो गावात जन्मला. त्याचे आडनाव मात्र डर्बीशरमधल्या आयर्टन या गावावरून आलेले. घराणे तिकडून इकडे आले आणि येताना जुन्या गावाचे नाव घेऊन आले.

इंग्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावांची पद्धत १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर सुरू झाली. आधी जमीनदार सरदारांनी ती उचलली, कारण जहागिरीचा वारसा सिद्ध करायला तिचा उपयोग होई. सामान्य रयतेत ती तेराव्या-चौदाव्या शतकांत मुरली. जमिनीच्या कुळांची नोंद ठेवणारी स्थानिक न्यायालये आणि १३७७ ते १३८१ या काळात डोईमागे बसवलेला कर, यांमुळे एका नावाच्या दोन माणसांत फरक करण्याची निकड वाढत गेली. साधारण १४०० पर्यंत दक्षिण आणि मध्य इंग्लंडातल्या बहुतेक घरांची आडनावे कायम झाली होती. मधल्या काळात, १३४८–४९ मध्ये, प्लेगची भीषण साथ येऊन गेली आणि देशाची एक-तृतीयांश ते निम्मी लोकसंख्या मेली. कितीतरी आडनावे एखाद-दोन पिढ्यांत कायमची संपली. जी वाचली, त्यांतली काही एकाच घराच्या आधाराने वाचली असणार.

प्रसार

१५३८ पासून इंग्लंडमधल्या प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवणे सक्तीचे झाले. तेव्हापासून सामान्य कुटुंबांचा माग लागू शकतो. शिरगणतीची १८८१ ची कागदपत्रे स्वयंसेवकांनी पूर्णपणे उतरवून काढली आहेत, त्यामुळे आडनावांचे नकाशे बहुधा त्यांच्यावरूनच काढतात.

ॲटनबरो आडनाव इतकी शतके आपल्या मुलखाला चिकटून का राहिले, याचे उत्तर त्या भागाच्या अर्थकारणात आहे. माणसे सहसा चालत जाता येईल एवढ्या अंतरात लग्न करीत आणि काम शोधीत. औद्योगिक क्रांतीत देशातल्या अनेक खेड्यांतले तरुण दूरच्या कारखान्यांकडे गेले. नॉटिंगहॅमच्या परिसरात मात्र मोजे विणण्याचा आणि पुढे लेसचा धंदा घराजवळच वाढला. विणकामाच्या चौकटीचे यंत्र १५८९ मध्ये विल्यम लीने याच काउंटीत तयार केले होते. बीस्टन, स्टेपलफर्ड, लाँग ईटन ही आजूबाजूची गावे लेसच्या गिरण्यांनी भरभराटीला आली. पोट भरायला काउंटी सोडावी लागत नव्हती.

लंडनला मात्र काही जण गेले आणि तिथे त्यांनी वेगळेच नाव कमावले. व्हिक्टोरियन लंडनमध्ये ॲटनबरो म्हटले की लोकांना सावकारी पेढी आठवे : दागिने, घड्याळे गहाण ठेवून उसने पैसे देणारी. फ्लीट स्ट्रीट आणि चान्सरी लेन यांच्या कोपऱ्यावरची जॉर्ज ॲटनबरो यांची पेढी प्रसिद्ध होती. त्या इमारतीवर पाटीसोबत एक पुतळाही आहे. तो इंग्लिश कवी बायरनच्या काव्यातल्या कालेद या पात्राचा. वाटेने जाणाऱ्याची नजर त्यावर गेल्याशिवाय राहत नाही.

आजच्या प्रसिद्ध घराण्याची मुळे मूळ पट्ट्यातलीच आहेत. रिचर्ड आणि डेव्हिड यांचे वडील फ्रेडरिक ॲटनबरो (१८८७–१९७३) स्टेपलफर्डचे, म्हणजे ॲटनबरो गावापासून हाकेच्या अंतरावरचे. १९३२ ते १९५१ या काळात ते लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य होते आणि मुले त्या कॉलेजच्या आवारातच वाढली. कॉलेजचे १९५७ मध्ये विद्यापीठ झाले आणि तिथल्या एका उंच इमारतीला ॲटनबरो टॉवर असे नाव आहे.

वाय गुणसूत्राची साक्ष

याच लेस्टर विद्यापीठात या आडनावाची सर्वांत महत्त्वाची तपासणी झाली. ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनए ठशांचे तंत्र शोधले तेही इथेच, त्यामुळे आनुवंशिकीची भक्कम परंपरा तिथे आहे. त्या परंपरेत ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी आडनावांचा प्रश्न हाती घेतला. त्यामागचा तर्क सोपा आहे. इंग्लंडमध्ये आडनाव बापाकडून मुलाकडे जाते आणि फक्त पुरुषांत असणारे वाय गुणसूत्रही बापाकडून मुलाकडेच, जवळजवळ जसेच्या तसे जाते. तेव्हा एका पुरुषापासून निघालेल्या आडनावाच्या सर्व पुरुषांत वाय गुणसूत्र सारखे असायला हवे. दत्तक मूल, आईचे आडनाव लावलेले मूल किंवा लग्नाबाहेर झालेले मूल आले की ही साखळी तुटते. एकच आडनाव अनेक घरांनी स्वतंत्रपणे घेतले असेल, तर ती मुळातच एक नसते.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात समान आडनावाच्या, एरवी एकमेकांशी नाते माहीत नसलेल्या पुरुषांच्या १५० जोड्या तपासल्या. त्यांतल्या २४ टक्के जोड्यांत समान पूर्वजाची खूण मिळाली. दुर्मीळ आडनावांत हे प्रमाण निम्म्याच्या जवळ गेले. २००९ च्या मोठ्या अभ्यासात ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांचे नमुने होते. समान वंशाच्या गटात बसणाऱ्यांचे प्रमाण सरासरी ६२ टक्के निघाले, पण आडनावागणिक ते शून्यापासून ८७ टक्क्यांपर्यंत बदलत होते. स्मिथांमध्ये वंशाची एकी दिसलीच नाही. स्मिथ म्हणजे लोहार आणि लोहार गावोगावी होते, तेव्हा त्यात नवल नाही. ॲटनबरो हे दुसऱ्या टोकाला, सर्वाधिक एकजिनसी आडनावांत आले. त्यांतल्या ७० टक्क्यांहून अधिक पुरुषांचे वाय गुणसूत्र एकसारखे किंवा जवळजवळ एकसारखे होते.

यावरून ‘सातशे वर्षांपूर्वी एकच ॲटनबरो होता आणि हे सगळे त्याचे वंशज’ असे म्हणण्याचा मोह होतो. वृत्तपत्रांना अशी गोष्ट आवडते, वंशावळी काढणाऱ्यांनाही. पण संशोधकांनी स्वतःच तसे म्हटलेले नाही आणि त्यांचा सावधपणा या निष्कर्षाइतकाच महत्त्वाचा आहे. प्रारंभी ॲटनबरो नावाची पाच-सहा परस्परांशी असंबद्ध घरे असली, तरी आजचे चित्र असेच दिसू शकते. एखाद्याला मुलीच होतात, एखाद्याचे मुलगे साथीत जातात, एखादा अविवाहित राहतो आणि त्याची शाखा तिथे थांबते. उलट दुसऱ्या घरात तीन पिढ्या ओळीने चार-चार मुलगे वाढतात. निव्वळ योगायोगाने एक शाखा फोफावते आणि बाकीच्या विझतात. शाखा मुळातच थोड्या असतील, तर हे लवकर घडते, म्हणूनच आडनाव जितके दुर्मीळ तितकी एकी जास्त. आजच्या गुणसूत्रांवरून मूळ पुरुषांविषयी फारसे खात्रीने सांगता येत नाही, असे किंग आणि जॉबलिंग यांनी त्या निबंधात नमूद केले आहे.

आडनावे अशी का विझतात, याचे गणित फ्रान्सिस गॉल्टनने १८७३ मध्ये कोड्याच्या रूपात मांडले होते आणि हेन्री वॉटसनने ते सोडवले. दोघांचा संयुक्त निबंध पुढच्याच वर्षांत आला. पुढे अणुभंजनाच्या साखळीपासून साथीच्या प्रसारापर्यंत सगळीकडे वापरले गेलेले गणित आडनावांच्या चिंतेतून निघाले, हे विशेष.

त्याच संशोधनमालिकेत २००७ मध्ये यॉर्कशरमधले एक दुर्मीळ आडनाव तपासले गेले. ते लावणाऱ्या १८ पुरुषांपैकी सात जणांत, तोवर केवळ आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळलेले वाय गुणसूत्र निघाले. कुणालाही आपल्या घराण्यात आफ्रिकी पूर्वज असल्याची कल्पना नव्हती. आडनाव अस्सल इंग्लिश आहे म्हणून वंशही तसाच असेल, असे गृहीत धरणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावे.

इतरत्र

ब्रिटिश स्थलांतराबरोबर हे आडनाव ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि अमेरिकेत पोहोचले, मात्र तिथेही ते विरळच आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाकडून १९७० च्या दशकात प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळलेला जलदगती गोलंदाज जेफ ॲटनबरो हे त्याचे एक उदाहरण. भारतात हे आडनाव कुटुंबांच्या रूपाने रुजले नाही, पण महाराष्ट्राशी त्याचा संबंध चित्रपटातून आला. रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांना १९८३ मध्ये ऑस्कर मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. कस्तुरबांची भूमिका पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी यांनी केली होती.

डेव्हिड ॲटनबरो यांच्या सन्मानार्थ आता हे नाव लॅटिन रूप घेऊन जीवशास्त्रात शिरले आहे. फिलिपिन्समधल्या पालावान बेटावरची एक कीटकभक्षी घटपर्णी, न्यू गिनीतला लांब चोचीचा एकिडना (अंडी घालणारा काटेरी सस्तन प्राणी) आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावर जीवाश्मरूपात सापडलेला ‘ॲटनबरोसॉरस’ हा सागरी सरीसृप ही त्यांतली काही नावे. हा एकिडना अनेक दशके कुणाला दिसला नव्हता. २०२३ मध्ये सायक्लॉप्स पर्वतात लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यात त्याचे छायाचित्र मिळाले.