तीव्र मानसोपचार कक्षाची रचना

आत्मघाताचा धोका, उन्माद वा भ्रम अशा तीव्र अवस्थेतील रुग्णाला काही दिवस किंवा आठवडे ठेवण्यासाठी रुग्णालयात केलेली जागेची आखणी. दीर्घ मुक्कामाच्या मनोरुग्णालयाहून या कक्षाच्या गरजा वेगळ्या असतात.

येथे हा विचार नागपूरच्या संदर्भात केला आहे. तेथील प्रादेशिक मनोरुग्णालयाची स्थापना सामान्यतः १८६४ ची मानतात. वसाहतकालीन वेडालयांच्या आराखड्याच्या मुळाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक ते इंग्लंडमधील यॉर्कच्या ‘रिट्रीट’ या क्वेकर ख्रिस्ती पंथीयांच्या मनोरुग्णालयात (१७९६), म्हणजे बाग, घरगुती खोल्या आणि सौम्य शिस्त यांत शोधतात. काही जेरेमी बेंथॅमच्या ‘पॅनॉप्टिकॉन’चा (१७९१), म्हणजे मध्यभागातून सर्व कोठड्यांवर नजर ठेवणाऱ्या वर्तुळाकार तुरुंगाच्या आराखड्याचा दाखला देतात. हिंदुस्थानापुरते पाहता लष्करी बराक व तुरुंग यांच्याशी असलेले नाते अधिक जवळचे वाटते. येथील वेडालये सुमारे १९०५ पर्यंत तुरुंग महानिरीक्षकांच्या अखत्यारीत होती आणि उंच भिंत, लांब बराकी, कोठड्या व मधले आवार हा साचा त्या कारभाराला साजेसा होता.

विसाव्या शतकाच्या मध्यात कॅनडातील मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड यांनी लांबलचक मार्गिका माणसांना एकमेकांपासून तोडतात, असे मांडून लहान गटांभोवतीच्या रचनेचा पुरस्कार केला. खिडकीतून झाडे दिसणाऱ्या रुग्णांना वेदनाशामके कमी लागतात, हा संशोधक रॉजर उलरिच यांचा १९८४ चा निष्कर्ष या संदर्भात नेहमी दिला जातो. तो मात्र पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरचा आहे, म्हणून मानसोपचार कक्षाला तो बेताने लावावा.

गळफासाला आधार देणारे नळ, गज, पडद्याचे दांडे टाळणे आणि आतून अडवले तरी बाहेरून उघडता येतील असे दरवाजे बसवणे, हे आता सर्वत्र मान्य आहे. नागपुरात खरी अडचण छताच्या पंख्याची आहे, कारण गळफासाला तोही आधार देतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. मनोविकारांवरील अनेक औषधे घाम व तापमान-नियंत्रण यांत बाधा आणतात. शरीरातले पाणी घटले की लिथियम या मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाची रक्तातील पातळी घातक होऊ शकते. म्हणून पंखा काढून टाकणे ही सुरक्षा ठरत नाही. तो उंच छताशी जाळीत बंदिस्त करावा. कूलर बाहेरच्या भिंतीला ठेवून डक्टने हवा आत आणता येते, पण पावसाळ्यात त्याचा उपयोग फारसा उरत नाही. जाड भिंती, पश्चिमेला व्हरांडा, सावलीचे अंगण आणि हाताशी पिण्याचे पाणी यांना येथे औषधोपचाराइतकेच महत्त्व द्यावे लागते.

परदेशी आराखडे जसेच्या तसे उचलण्यात आणखी एक धोका आहे. त्यांत बरेचदा कुलूपबंद एकांत-खोली असते. भारताच्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने रुग्णाला एकांतात कोंडण्यास मनाई केली आहे. येथील ‘शांत खोली’ म्हणूनच मंद प्रकाशाची, कमी आवाजाची, पण रुग्णाला हवे तेव्हा बाहेर पडता येईल अशी हवी. खासगीपणा, स्वच्छता व पुरेशी जागा हेही त्याच कायद्याने हक्क मानले आहेत.

उलट, त्या आराखड्यांत नातेवाइकांच्या मुक्कामाला सहसा स्थान नसते. अमृतसरमध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात कुटुंबीयांना रुग्णाजवळ तंबूत राहू दिले. नागपुरात ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या शासकीय रुग्णालयांत गडचिरोली, छिंदवाडा, बालाघाटहून माणसे येतात. रुग्णाच्या आईला किंवा भावाला रात्री पाठ टेकायला जागा, डबा ठेवायला फडताळ आणि वेगळे स्वच्छतागृह मूळ नकाशातच आखले पाहिजे. नंतर त्यासाठी व्हरांडाच उरतो.