हार्डवेअर दुकानदारांसाठी वाढीव दायित्व विमा : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

सप्रेम नमस्कार.

दुकानामुळे किंवा विकलेल्या मालामुळे दुसऱ्या कोणाचे नुकसान झाले, तर पैसे कोण भरणार? हे विचारले की बहुतेक दुकानदार सांगतात, "विमा आहे की, बँकेनेच काढायला लावलाय." कॅश क्रेडिटसाठी (खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठी) बँक काढायला लावते ती आगीची पॉलिसी. १ एप्रिल २०२१ पासून एका ठिकाणच्या ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला ती 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' या नावाने मिळते. आग, पूर, वादळ यांत तुमचा माल, फर्निचर, इमारत गेली तर ती उपयोगी पडते. गिऱ्हाइकाचा पाय मोडला किंवा त्याचे घर जळाले, तर त्याची भरपाई त्या पॉलिसीतून होत नाही.

काहींकडे शॉपकीपर पॅकेज (दुकानाचे अनेक विमे एकत्र असलेली पॉलिसी) असते. त्यात सार्वजनिक दायित्वाचा, म्हणजे इतरांच्या नुकसानीची भरपाई देण्याचा, भाग असतो, पण त्याची रक्कम बऱ्याचदा तुटपुंजी असते आणि तो भाग दुकानाच्या जागेपुरताच असतो. माल गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचल्यावर काय, हे त्यात बहुधा धरलेले नसते. वाढीव दायित्व विमा या दोन उणिवा भरून काढण्यासाठी आहे.

दुकानाच्या जागेत

भिंतीला टेकवून ठेवलेला प्लाय सरकतो, फुटपाथवर आलेले पाइपचे टोक स्कूटरवाल्याला लागते, वरच्या रॅकवरून रंगाचा डबा पडतो. हार्डवेअरचा माल जड आणि धारदार, आणि गिऱ्हाईक थेट त्या मालातून फिरते. थिनर आणि टर्पेंटाइनचा साठा असेल तर आग शेजारच्या गाळ्यात जायला वेळ लागत नाही, आणि मग शेजाऱ्याच्या नुकसानीची मागणी तुमच्याकडे येते.

विकलेल्या मालाची जबाबदारी

"माल कंपनीचा, आम्ही फक्त विकतो," हे उत्तर आता पुरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम ८६ नुसार, माल स्वतः न बनवणारा विक्रेताही काही बाबतींत भरपाईला जबाबदार ठरतो. मालात तुम्ही बदल केला असेल, कंपनीच्या हमीशिवाय स्वतःची वेगळी हमी दिली असेल, माल जोडताना किंवा तपासताना पुरेशी काळजी घेतली नसेल, कंपनीच्या सूचना आणि धोक्याचे इशारे गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवले नसतील, किंवा माल कोणी बनवला हेच कळत नसेल, तर मागणी तुमच्यावर येऊ शकते.

यातली शेवटची बाब आमच्या मते सर्वांत धोक्याची आहे. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेली, नाव-गाव नसलेली वायर तुम्ही विकली आणि ती तापून कोणाचे घर पेटले, तर बोट दाखवायला तुमच्यामागे कोणीच उरत नाही. वायर, स्विच, गिझर यांना आयएसआय चिन्ह कायद्याने सक्तीचे आहे. त्याशिवायचा माल विकून विम्यावर भरवसा ठेवू नका, कारण विमा कंपनी दावा नाकारू शकते. खरेदीची पक्की बिले वर्षानुवर्षे जपून ठेवा.

आणि काउंटरवर बोलताना जपून बोला. "दहा वर्षं बघायला नको, माझी गॅरंटी," हे वाक्य पुढे तुमच्याच विरोधात वापरले जाऊ शकते.

ड्रिल, ग्राइंडर किंवा शिडी भाड्याने देत असाल तर ते विम्याच्या प्रस्ताव अर्जात लिहाच. हा धंदा आहे हे विमा कंपनीला माहीत नसेल, तर दाव्याच्या वेळी वाद होतो.

पुरात भिजलेला माल

२०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगली-कोल्हापूरच्या बाजारपेठांत पाणी शिरले होते. अशा वेळी भिजलेले एमसीबी (भार वाढल्यास वीज आपोआप तोडणारे स्विच), मोटारी, होल्डर पुसून, वाळवून स्वस्तात काढण्याचा मोह होतो. नुकसान मोठे असते, त्यामुळे तो मोह आम्ही समजू शकतो. तरीही असा विजेचा माल विकू नका. दोष माहीत असताना विकलेल्या मालावर दायित्व विमा लागू होत नाही, आणि त्या एमसीबीवर कोणाचे तरी घर अवलंबून असते.

रक्कम कशी ठरते

पॉलिसीत दोन आकडे असतात : एका घटनेला किती आणि वर्षभरात मिळून किती. समजा १० लाख आणि २० लाख असे घेतले, तर एका अपघातात जास्तीत जास्त १० लाख मिळतील, वकिलाचा खर्चही बहुतेक पॉलिसींत त्यातच धरलेला. प्रत्येक दाव्यात ठरावीक रक्कम तुम्ही सोसायची असते. हप्ता मुख्यतः उलाढाल, मालाचा प्रकार आणि या दोन आकड्यांवर ठरतो. विजेचा माल किंवा रसायने जास्त असतील, तर कमी रकमेवर समाधान मानू नका.

नूतनीकरणात खंड पडू देऊ नका. या पॉलिसी सहसा मागणी कधी आली ते पाहतात. मागच्या वर्षी विकलेल्या गिझरबद्दल यंदा नोटीस आली आणि मधल्या काळात पॉलिसी बंद होती, तर अडचण होते.

यात काय येत नाही

तुमच्या नोकराला झालेली इजा यात येत नाही. सळई कापणारा, पाइपचा गठ्ठा खांद्यावर घेणारा मुलगा यांच्यासाठी कामगार नुकसानभरपाईची वेगळी पॉलिसी लागते, आणि ती घ्याच. टेम्पोचा अपघात वाहन विम्यात जातो. दंड, मुद्दाम केलेले नुकसान आणि खराब निघालेल्या वस्तूची स्वतःची किंमत हेही यात नाही.

काही घडलेच तर

जखमी माणसाला आधी दवाखान्यात न्या. माणुसकीने जी मदत करायची ती करा, पण "चूक आमचीच, सगळं भरून देतो" असे लिहून देऊ नका. विमा कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य केली तर दावा अडकतो. ती वस्तू, तिचे खोके, बिल आणि कॅमेऱ्याचे चित्रण सांभाळून ठेवा. नोटीस आली तर त्याच दिवशी आम्हाला कळवा. दावा नाकारला गेला आणि कंपनीकडे तक्रार करूनही काम झाले नाही, तर सूक्ष्म उद्योगांना विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) ५० लाखांपर्यंतच्या वादासाठी विनाशुल्क जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्याची कार्यालये आहेत.

कार्यालयात येताना सध्याची पॉलिसी, मागच्या वर्षाच्या उलाढालीचा आकडा, जीएसटी नोंदणी आणि दुकान-गोदामाचे दोन-चार फोटो आणा. पॉलिसीचे शेड्यूल (त्यातल्या रकमा आणि तपशिलांचा तक्ता) आपण सोबत बसून ओळ न् ओळ वाचू.