पार्श्वभूमी : खोड मेल्यावरही जात नाही

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ असं आपण सहज म्हणून जातो. बौद्ध विचार त्याच्या एक पाऊल पुढे आहे. तिथे खोड मेल्यावरही जात नाही, पुढचा जन्म तीच घडवते.

या विचाराची मुळं पाली सुत्तांत, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांत आहेत. चित्तात दडून बसलेल्या कलाला तिथे ‘अनुसय’ म्हणतात. मज्झिम निकाय या सुत्तसंग्रहात बुद्ध सांगतात, उताण्या पडलेल्या तान्ह्या बाळाला कामसुख म्हणजे काय हे ठाऊकही नसतं, तरी त्याचा अनुसय बाळात असतोच. त्याच निकायात सेनिय भेटतो. त्याने कुत्र्यासारखं जगण्याचं व्रत घेतलेलं, जमिनीवर टाकलेलंच खायचं. मेल्यावर याची गती काय, असं त्याच्या सोबत्याने विचारलं. बुद्धांनी दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा सांगितलं की कुत्र्याची सवय आणि कुत्र्याचं चित्त पुरतं अंगी मुरलं, तर जन्म कुत्र्यांतच. सेनिय रडू लागला. पुढे तोच भिक्खू होऊन अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त झाला, हे मला फार मोलाचं वाटतं.

पिलिंदवच्छ या भिक्खूची गोष्ट त्याहून बारीक. तो इतर भिक्खूंना ‘वसल’, म्हणजे हलक्या कुळाचा, म्हणून हाक मारी. तक्रार गेली तेव्हा बुद्ध म्हणाले, याच्या मनात द्वेष नाही. सलग पाचशे जन्म ब्राह्मण कुळात काढल्याने जिभेला ते वळण पडलंय.

बौद्ध विचार आत्मा मानत नाही. मग पुढे जातं काय? ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला दिव्यावर दिवा लावण्याचा दाखला देतात. तृष्णेचं तेल आहे तोवर ज्योत पुढे लागत राहते.

चौथ्या-पाचव्या शतकात असंग आणि वसुबंधू या भावांच्या योगाचार या बौद्ध मताने ‘वासना’ हा शब्द पुढे आणला. फुलांत ठेवलेल्या तिळांना वास लागतो आणि तो तेलातही उतरतो, तसा प्रत्येक कर्माचा वास चित्ताच्या तळाशी, आलयविज्ञानात, राहतो. आम्हा सांगलीकरांना हे हळदीच्या पोत्यावरून कळावं. आमच्या घरी असं एक रिकामं पोतं होतं. दोनदा धुतलं, उन्हात वाळवलं, ज्वारी भरली. पावसाळ्यात पोत्याचं तोंड सोडलं की अजून हळदच दरवळायची. मराठीत मात्र वासना म्हटलं की फक्त कामवासना आठवते. एवढा भरदार शब्द आपण आकसून टाकला, याचं वाईट वाटतं.

पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला आणि माणसाचा स्वभाव झाडू मारण्यावरून ओळखायला शिकवलं. रागचरित, म्हणजे आसक्त स्वभावाचा (हा ‘राग’ संतापाचा नव्हे) माणूस झाडू हलक्या हाताने धरून एकसारखं झाडतो, द्वेषचरित, म्हणजे चिडक्या स्वभावाचा, तो घट्ट आवळून खरखर आवाज करत दोन्हीकडे वाळू उडवतो. हा ग्रंथ देवनागरीत संपादून धर्मानंद कोसंबींनी 1940 मध्ये आपल्या हाती दिला.

साताऱ्याच्या शाळेत शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी 1956 मध्ये धम्म स्वीकारला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये त्यांनी आत्म्याचा पुनर्जन्म साफ नाकारला, चित्ताच्या शिस्तीवरचा भर मात्र तसाच ठेवला. आजही इथल्या विहारांत ‘सुरामेरयमज्ज’ हे नशेपासून दूर राहण्याचं पाचवं शील प्रत्येक वंदनेला म्हटलं जातं. त्यातला शब्द आहे ‘सिक्खापद’, शिकण्याचं पाऊल. म्हणून ते एकदा घेऊन भागत नाही, पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं.