खिशातला कॅमेरा घेताना सेन्सरचं क्षेत्रफळ विचारा

नागपुरात धरमपेठेत किंवा फुटाळ्याला संध्याकाळी चक्कर मारली की हल्ली एक गोष्ट हमखास दिसते. कॉलेजातली पोरंपोरी मोबाइल बाजूला ठेवून चपट्या, चंदेरी डिजिटल कॅमेऱ्याने एकमेकांचे फोटो काढत असतात. कपाटात वर्षानुवर्षं पडून असलेले हे खिशात मावणारे कॅमेरे पुन्हा बाहेर आले आहेत. २०१०च्या सुमारास जगभरात वर्षाला १० कोटींहून जास्त छोटे कॅमेरे विकले जायचे. मोबाइलने तो बाजार जवळजवळ संपवला. २०२३ मध्ये हा आकडा २० लाखांच्याही आत होता. आता मागणी परत वर येते आहे, आणि तिच्यासोबत चुकीच्या समजुतीही.

शेजारच्या मुलाने परवा मला एक ऑनलाइन जाहिरात दाखवली. अनोळखी कंपनीचा कॅमेरा, पाच-सहा हजारांत, आणि वर ठळक अक्षरांत ‘६४ मेगापिक्सेल’. तो म्हणाला, “काका, माझ्या मोबाइलला ५० आहेत, याला ६४. मग हाच चांगला ना?” अगदी रास्त प्रश्न आहे, कारण दुकानदारापासून जाहिरातीपर्यंत सगळे त्याला हाच आकडा दाखवत आले आहेत. पण कॅमेरा निवडताना हा आकडा जवळजवळ शेवटी बघायचा असतो. अशा स्वस्त कॅमेऱ्यांत बहुतेक वेळा आतला सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, बराच कमी पिक्सेलचा असतो आणि उरलेले पिक्सेल सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरतं. फाइल मोठी होते, माहिती तेवढीच राहते.

गरज तरी किती असते? ए-४ आकाराच्या कागदावर दर इंचाला ३०० ठिपके या दर्जाची छपाई करायची तर पावणेनऊ मेगापिक्सेल लागतात. फोर-के टीव्हीच्या अख्ख्या पडद्यावर ८३ लाख पिक्सेल असतात, म्हणजे ८.३ मेगापिक्सेल. २००८-१० मधल्या चांगल्या कॅमेऱ्यांनी ही पातळी केव्हाच ओलांडली होती. तरीही रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो रवाळ, चिखलट का येतो? याचं उत्तर प्रकाशाच्या स्वभावात आहे, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त आवडतो तो हाच भाग.

प्रकाश सलग धारेसारखा येत नाही, तो दाण्यादाण्याने येतो. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी हे मांडलं आणि त्याच कामासाठी त्यांना १९२१चं नोबेल मिळालं. या दाण्यांना आपण फोटॉन म्हणतो. सेन्सर म्हणजे सिलिकॉनची चकती. तिच्यावर लाखो चौकोनी घरं आखलेली असतात. फोटॉन एखाद्या घरात पडला की तो सिलिकॉनमधला एक इलेक्ट्रॉन मोकळा करू शकतो. शटर उघडं असताना प्रत्येक घरात किती इलेक्ट्रॉन साठले ते मोजायचं, की झाला फोटो. बेल लॅबमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये याच तत्त्वावरच्या सीसीडी या सेन्सरची कल्पना मांडली. २००९च्या भौतिकीच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

आता खरी मेख. हे फोटॉन वेळापत्रकाने येत नाहीत. मृगाचा पाऊस सुरू होताना अंगणातल्या फरशीवर टपोरे थेंब पडतात ते आठवा. आभाळ सगळीकडे सारखंच भरलेलं असतं, तरी एका फरशीवर सात थेंब, शेजारच्या फरशीवर तीन, एखादी कोरडीच. अंगण ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. पाच मिनिटांनी मुसळधार सुरू झाली की हा फरक कळेनासा होतो. थेंब तसेच वाटेल तिथे पडत असतात, पण संख्या इतकी मोठी झालेली असते की दोन-चारचा फरक त्यात विरून जातो.

याचं गणित सुटसुटीत आहे. एका घरात सरासरी १०० फोटॉन येत असतील, तर प्रत्यक्षात कुठे ९० येतात, कुठे ११०. हा चढउतार सरासरीच्या वर्गमुळाएवढा असतो. १००चं वर्गमूळ १०, म्हणजे १० टक्के गडबड. १०,००० फोटॉन आले तर वर्गमूळ १००, म्हणजे फक्त १ टक्का. आणि अंधाऱ्या कोपऱ्यात २५च आले तर ५, म्हणजे तब्बल २० टक्के. पांढरी भिंत सगळीकडे सारखीच पांढरी असते, पण फोटोत शेजारशेजारचे ठिपके २० टक्क्यांनी वरखाली होतात. हाच तो रवा. याला शॉट नॉइज म्हणतात. कॅमेरा हलक्या दर्जाचा आहे म्हणून तो येतो असं नाही. जगातला सर्वांत महाग सेन्सर लावला तरी हा चढउतार राहणारच, कारण तो यंत्रात नसून प्रकाशातच आहे.

म्हणून आयएसओ वाढवून प्रकाश वाढत नाही. आयएसओ वाढवला की कॅमेरा मिळालेल्या इलेक्ट्रॉनचा संकेत मोठा करून दाखवतो, आणि त्यासोबत गडबडही मोठी होते. रवा कमी करायचा एकच मार्ग आहे: जास्त फोटॉन गोळा करा. त्यासाठी शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं, पण मग पळणारं मूल फोटोत पुसट येतं. उरतात दोन गोष्टी, सेन्सरचं क्षेत्रफळ आणि भिंगाचं तोंड. कॅमेरा निवडायचा तो या दोन आकड्यांवर.

सेन्सरचे आकार मात्र फार फसवे लिहिलेले असतात. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून ते मोजायची पद्धत पडली आणि ती तशीच राहिली. त्यामुळे ‘१ इंच’ सेन्सरचा कर्ण २५ मिमी नसतो, १६ मिमी असतो. मिलिमीटरमध्येच बघा. स्वस्त आणि लांब झूमच्या बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत १/२.३ इंचाचा सेन्सर असतो: ६.२ गुणिले ४.६ मिमी, म्हणजे साधारण २८ चौरस मिमी. १ इंचवाला १३.२ गुणिले ८.८, म्हणजे ११६ चौरस मिमी. हा आकार खिशातल्या कॅमेऱ्यात लोकप्रिय केला तो सोनीच्या २०१२ मधल्या आरएक्स१०० ने. कॅननची जी७ एक्स मालिकाही याच आकाराची. रिकोच्या आताच्या जीआर कॅमेऱ्यांत तर साडेतीनशे चौरस मिमीहून मोठा सेन्सर आहे, तोही खिशात मावून, पण त्यात झूम अजिबात नाही.

भिंगावर ‘एफ’ आकडा लिहिलेला असतो. तो जितका लहान तितकं तोंड मोठं, आणि प्रकाश त्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. १/२.३ इंच सेन्सर आणि एफ ३.३ भिंगाचा एक कॅमेरा घ्या. दुसरा १ इंच सेन्सर आणि एफ १.८ भिंगाचा. क्षेत्रफळामुळे दुसऱ्याला ४.१ पट आणि भिंगामुळे ३.४ पट, म्हणजे एकूण जवळपास १४ पट प्रकाश मिळतो. १४चं वर्गमूळ ३.७. एकाच खोलीत, एकाच शटरवेळेला दुसऱ्याचा रवा पावणेचार पटींनी कमी. ६४ काय, २०० मेगापिक्सेल लिहिले तरी हा फरक भरून निघत नाही.

इथे एक उलटा गैरसमजही दूर करायला हवा. मेगापिक्सेल वाढवले की फोटो बिघडतो असंही लोक सांगतात. तेही अर्धवट आहे. त्याच सेन्सरची जास्त घरं केली की प्रत्येक घरात कमी फोटॉन येतात आणि पूर्ण मोठं करून बघितलं तर रवा जास्त दिसतो हे खरं. पण फोटो त्याच आकारात छापला तर शेजारची घरं एकत्र येऊन हिशेब साधारण तोच लागतो. शेवटी अख्ख्या सेन्सरवर किती फोटॉन पडले तेच महत्त्वाचं.

आणि मोबाइलचं काय? आजच्या महागड्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात १/१.३ इंचाच्या आसपासचा सेन्सर मिळतो, म्हणजे सुमारे ७० चौरस मिमी, वर एफ १.८च्या आगेमागे भिंग. शिवाय मोबाइल एका क्लिकमध्ये अनेक फोटो घेऊन त्यांची बेरीज करतो, म्हणजे वेळ जोडून फोटॉन जोडतो. असा मोबाइल हातात असेल तर २८ चौरस मिमीचा कॅमेरा घरातल्या रात्रीच्या फोटोंसाठी घेण्यात अर्थ नाही, मोबाइलच सरस ठरेल. त्या कॅमेऱ्याचं बळ झूममध्ये आहे. मारबतीची मिरवणूक बघायला जागनाथ बुधवारीच्या गर्दीत तुम्ही मागे अडकलेले असाल आणि पिवळी मारबत लांबून पुढे सरकत असेल, तर तिथे मोबाइल हात टेकतो आणि लांब भिंग कामाला येतं.

पण ४० एक्स झूमवरही आंधळा विश्वास नको. प्रकाश लहान तोंडातून जाताना पसरतो. याला विवर्तन म्हणतात. एखादा तारा बिंदूएवढा असला तरी भिंग त्याचा बिंदू न काढता छोटी चकती काढतं. तिला जॉर्ज एअरी यांच्या नावाने एअरी चकती म्हणतात. तिचा व्यास २.४४ गुणिले तरंगलांबी गुणिले एफ आकडा. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरा. लांब झूमला छोट्या कॅमेऱ्यांचं भिंग एफ ६.९पर्यंत आक्रसतं. गुणाकार केला की ९.३ मायक्रॉन. २० मेगापिक्सेलच्या १/२.३ इंच सेन्सरवर एका घराची रुंदी १.२ मायक्रॉन असते. म्हणजे एक बिंदू आठेक घरं रुंद पसरला. काच कितीही निर्दोष घासली तरी पूर्ण झूमवर हे २० मेगापिक्सेल कागदावरच राहतात. पेंचला सफारीत झाडावरचा गरुड फोटोत येईल, ओळखूही येईल. पिसांची रेघ न् रेघ मात्र मागू नका.

जुन्या कॅमेऱ्यांबद्दल सध्या आणखी एक हवा आहे: ‘सीसीडी सेन्सरचे रंगच वेगळे.’ जुना सीसीडी असो की आजचा सीमॉस सेन्सर, दोन्ही सिलिकॉनच, आणि सिलिकॉनला रंग कळत नाही. रंग येतो तो सेन्सरवरच्या लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांमुळे, ज्यांची जाळी कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी आखली आणि तिचं पेटंट १९७६ मध्ये मिळालं. त्यापुढे रंगाची चव ठरते ती कॅमेऱ्यातल्या प्रक्रियेत. जुन्या फोटोंचा तो खास थाट मुख्यतः झेनॉन फ्लॅशचा आहे. सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास लखकन पडणारा तो प्रखर उजेड मोबाइलच्या एलईडीला जमत नाही. तो थाट आवडत असेल तर जरूर जुना कॅमेरा घ्या, पण सीसीडीच्या नावाखाली दुप्पट पैसे मोजू नका.

फ्लॅशचा विषय निघाला म्हणून सांगतो. वास्तुशांतीच्या किंवा देवळातल्या फोटोत पांढुरक्या गोल चकत्या दिसल्या की त्या ‘दैवी शक्ती’ किंवा ‘पितरांचा वावर’ म्हणून फिरवल्या जातात. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगाला जवळजवळ चिकटून असतो. भिंगापुढे काही सेंटिमीटरवर तरंगणारा धुळीचा कण त्याने लख्ख उजळतो, आणि कण इतका जवळ असतो की फोकसमध्ये न येता चकती होऊन उमटतो. अंधाऱ्या खोलीत सतरंजी झटका आणि फ्लॅश लावून फोटो घ्या, खोलीभर ‘आत्मे’ दिसतील. धूळ तशीच उडत असताना फ्लॅश बंद करून घ्या, एकही दिसणार नाही. मुलांना हा प्रयोग घरी अवश्य करून दाखवा. भीती घालून पैसे उकळणाऱ्यांपुढे असं स्वतः पाहिलेलं कारण फार कामाचं असतं.

नागपूरकरांनी उन्हाळ्याचाही विचार करावा. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ० ते ४० अंश दिलेलं असतं, आणि आपला मे महिना ४५च्या पुढे जातो. गरम सिलिकॉनमध्ये प्रकाश नसतानाही इलेक्ट्रॉन सुटतात. साधारण दर ६ ते ८ अंशांना हा प्रवाह दुप्पट होतो. दुपारी शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरतं उघडतं, तेव्हा त्याने काही बिघडत नाही. गच्चीवरून रात्री काही सेकंदांचा फोटो घेताना मात्र ठिपके उठतात. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कॅमेरा ठेवू नये, त्याचं मोठं कारण लिथियम बॅटरी. ती उष्णतेने लवकर म्हातारी होते, कधी फुगते.

दुकानात गेलात तर दुकानाबाहेरच्या उन्हात फोटो काढून बघू नका. उन्हात सगळेच कॅमेरे छान दिसतात. काउंटरखालचा अंधारा कोपरा आयएसओ १६००ला टिपा आणि पडद्यावर मोठा करून बघा. जुना घेत असाल तर पूर्ण झूम करून पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. आत धूळ शिरली असेल तर करडे डाग तिथेच दिसतात. भिंग बाहेर येताना करकर आवाज आला तर सोडून द्या. तळहाताने भिंग झाकून काही सेकंदांचा फोटो घेतला की बिघडलेले पिक्सेल चमकदार ठिपके होऊन समोर येतात. आणि कार्ड. २००६च्या आधीचे एसडी कार्डवाले बहुतेक कॅमेरे २ जीबीपर्यंतचंच साधं एसडी कार्ड वाचतात; आज सर्रास मिळणारं ३२ किंवा ६४ जीबीचं कार्ड त्यांना ओळखताच येत नाही. तेव्हा आधी तसलं जुनं कार्ड मिळवा, ते घालून चार फोटो काढून बघा, आणि मगच पैसे द्या.