पार्श्वभूमी : समर्थकांचा क्लब आणि क्लबांची तिकिटं

मुंबईत 'क्लब' म्हणजे काय, असं विचारलं तर उत्तर माणसागणिक बदलतं. मरीन ड्राइव्हच्या बाजूला राहणाऱ्याला पोहण्याचा तलाव आणि सभासदत्वाची वर्षानुवर्षांची रांग आठवते. आझाद मैदानावर खेळलेल्याला तंबू, माळी आणि किटबॅगांचा ढीग आठवतो. क्रिकेट संघटनेच्या निवडणुकीत ज्याने एकदा तरी धावपळ केली आहे, त्याच्या लेखी क्लब म्हणजे एक मत. चौथा अर्थ गेल्या पंधरा-वीस वर्षांत रुळला, तो समर्थकांच्या क्लबाचा. सामन्याच्या आधी घोषणा रचणारे, ढोल आणायला परवानगी मागणारे, एकाच गॅलरीत एकत्र बसायची धडपड करणारे हे लोक पावसाळ्यात मैदानी क्लबांची कांगा लीग, थंडीत रणजी आणि उन्हाळ्यात आयपीएल असं वर्ष काढतात. त्यांना मत नाही आणि तिकिटांचा कोटाही नाही. त्यांचा हंगाम असा तुटक का असतो हे कळायला बाकीच्या तिघांचा इतिहास चाळावा लागतो.

फार मागे जायचं कारण नाही. १८४८ साली पारशांचा पहिला क्लब, मग मैदानावर पोलोचे घोडे की क्रिकेट हे भांडण, त्यानंतर समुद्रालगत एकामागून एक उभ्या राहिलेल्या जिमखान्यांची रांग, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. जमातवार संघांची १९०७ ची तिरंगी, १९१२ ची चौरंगी आणि १९३७ पासूनची पंचरंगी स्पर्धाही. आपल्या विषयापुरता मुद्दा एवढाच की त्या काळचा प्रेक्षक जन्माने समर्थक होता. कुठल्या तंबूखाली बसायचं हे त्याची जमात ठरवायची, आणि तंबूत जागा नसेल तर झाड होतंच. १९२६ च्या डिसेंबरात इंग्लंडहून आलेल्या संघाविरुद्ध हिंदू संघाच्या एका फलंदाजाने ११ षटकारांसह १५३ धावा कुटल्या, तेव्हा आसपासच्या झाडांवरही माणसं होती. झाडावरच्या माणसाला कुणाचीच शिफारस लागत नाही. मुंबईतला हा बहुधा पहिला स्वतंत्र समर्थक.

जागेचं भांडण खरं सुरू झालं ते पक्कं स्टेडियम आल्यावर. १९३७ च्या अखेरीस भरावाच्या जमिनीवर ब्रेबर्न उभं राहिलं आणि पंचरंगी तिथे गेली. त्या पहिल्याच वर्षी हिंदू संघ उतरला नाही. कारण खेळाचं नव्हतं, खुर्च्यांचं होतं. स्टेडियमच्या मालक क्लबाने, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने, जिमखान्यांना जी आसनं देऊ केली, ती आपल्या सभासदसंख्येच्या मानाने तुटपुंजी आहेत अशी हिंदू जिमखान्याची तक्रार होती. तीन वर्षांनी, १९४० च्या डिसेंबरात, वर्ध्याहून गांधीजींचा जमातवार क्रिकेट नको असा सल्ला आला. त्याची आठवण सगळे काढतात. १९३७ च्या बहिष्काराची फारसं कुणी काढत नाही. स्पर्धा १९४६ साली कायमची थांबली. जिमखान्यांमागचा प्रेक्षक मोकळा झाला, पण कोटा मात्र तसाच राहिला.

पंचरंगी गेली आणि १९४८ साली कांगा लीग आली. या लीगबद्दल लिहायला बसलं की हात आवरत नाही. पावसाळ्यातल्या रविवारी, न झाकलेल्या खेळपट्ट्यांवर, घोट्यापर्यंत वाढलेल्या गवतात खेळायची ही स्पर्धा. मैदानी फटका मारावा तर चेंडू गवतात अडून बसतो, म्हणून हवेतून मारायचा आणि झेल द्यायचा, हे ठरलेलं. विभागांची उतरंड ए पासून जी पर्यंत, म्हणजे सात पायऱ्यांची. वरच्या पायरीवर कसोटीपटू, खालच्या पायरीवर पोट सांभाळत ऑफस्पिन टाकणारे कारकून, आणि दोघांच्याही बुटांना चिखल सारखाच. क्लबाचा समर्थक म्हणजे त्या क्लबाचा माजी खेळाडू, आजच्या यष्टिरक्षकाचा मामा, समोरच्या चाळीतला निवृत्त स्कोअरर. वर्गणी नाही, पावती नाही. माटुंग्याचा एक क्लब आणि शिवाजी पार्कचा दुसरा, यांच्यातल्या सामन्याला पावसाची उघडीप असली की कट्टा भरलेला असायचा. शिवाजी पार्कचा कट्टा ही या शहरातली सर्वांत जुनी विनातिकीट गॅलरी. तिथे बसलेल्यांची शेरेबाजी कुठल्याही स्लेजिंगपेक्षा बोचरी असते, आणि ती बहुतेक वेळा आपल्याच फलंदाजाला उद्देशून असते.

'खडूस' हे विशेषण मुंबईच्या खेळाडूंना चिकटलं. माझ्या मते ते आधी या कट्ट्यावरच्या मंडळींना लागू होतं. चाळीस धावांवर बाद झालेल्या पोराला 'बरा खेळलास' म्हणायची पद्धत तिथे नव्हती. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं रणजी करंडक जिंकणाऱ्या संघाच्या पाठीराख्यांना आनंद दाखवायची सवय कशी लागणार? विजय गृहीत होता, चर्चा चालायची ती दुसऱ्या डावातल्या ढिसाळ क्षेत्ररक्षणाची.

साठच्या दशकात समर्थकाच्या कानाला ट्रान्झिस्टर लागला. १९६९ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत ब्रेबर्नच्या पूर्वेकडच्या स्वस्त जागांवर आग लागली, त्यामागे हाच ट्रान्झिस्टर होता. भारताच्या दुसऱ्या डावात एका फलंदाजाला यष्टीमागे झेलबाद दिलं गेलं. इतक्या लांबून कुणाला बॅटची कड दिसणार? पण निर्णय चुकल्याचं समालोचनातून ऐकू आलं आणि पूर्व गॅलरी पेटली. बाटल्या, खुर्च्या, धूर. सामना भारत हरलाच. दुसऱ्या दिवशीची चर्चा 'या लोकांना स्टेडियमात घ्यावं का' या वळणावर गेली. मालक क्लबाच्या पॅव्हेलियनमध्ये बसणारे आणि पूर्वेला बसणारे एकाच सामन्याला येत होते, पण एकमेकांना ओळखत नव्हते.

आता येतो सगळ्यांत वादाचा निर्णय, आणि त्यावर अजूनही दोन म्हाताऱ्या माणसांचं एकमत होत नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शहराची क्रिकेट संघटना आणि ब्रेबर्नचा मालक क्लब यांच्यात तिकिटांवरून बिनसलं. क्लबाची बाजू साधी होती : स्टेडियम आमचं, सभासदांच्या पैशांवर उभं, देखभाल आमची, सामना घ्यायचा तर आमच्या अटींवर. संघटनेची बाजूही तितकीच साधी होती : खेळाडू आमच्या मैदानांवर तयार होतात, सामना भरवण्याचा हक्क आमचा, आणि आमच्या संलग्न क्लबांना तिकिटं देताना आम्हीच दारात उभं राहून मागायची? लोकप्रतिनिधींनी मागितलेल्या एका प्रदर्शनी सामन्याला नकार मिळाला आणि तिथे ठिणगी पडली, ही गोष्ट मोठ्या चवीने सांगितली जाते. पण ठिणगी कुठली का असेना, दारू खुर्च्यांचीच होती.

निर्णय झाला : आपलं स्टेडियम बांधायचं. चर्चगेटच्या रुळांना लागून, ब्रेबर्नपासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर. १९७३ च्या फेब्रुवारीत इंग्लंडविरुद्धची कसोटी ब्रेबर्नवर झाली, आणि १९७५ च्या जानेवारीत वेस्ट इंडिजविरुद्धची पाचवी कसोटी नव्या वानखेडेवर. बांधकाम जेमतेम तेरा महिन्यांचं. मधल्या काळात, १९७४ साली, बंगळुरूला कर्नाटकाने मुंबईची पंधरा वर्षांची रणजी मालिका तोडली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, तरी त्या पिढीचे लोक 'स्टेडियम मिळालं आणि करंडक गेला' असं म्हणतातच.

हा निर्णय 'सामान्यांचा विजय' म्हणून सांगण्याची प्रथा आहे. उच्चभ्रूंच्या क्लबाने नाकारलं, मराठी माणसाने जिद्दीने उभारलं, अशी ती मांडणी. जिद्द खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. शहरात इतक्या वेगाने एवढं मोठं सार्वजनिक काम क्वचितच झालं असेल. पण सामान्यांचा विजय? पहिल्याच कसोटीत पाहुण्या कर्णधाराने द्विशतक पूर्ण केलं, त्याचं अभिनंदन करायला एक तरुण मैदानात धावला, पोलिसांनी त्याला बडवलं आणि गॅलऱ्या खवळल्या. खेळ थांबवावा लागला. म्हणजे नव्या वास्तूचं आणि समर्थकाचं पहिलं बोलणं लाठीने झालं. पुढे स्टेडियमच्या आवारात क्लब हाऊसही आलं, त्याचे सभासद आले, सभासदांची जागा आली. ज्या रचनेविरुद्ध भांडून बाहेर पडायचं तीच रचना दहा मिनिटांवर नेऊन बांधायची, हे आपल्याकडे नवं नाही.

बदललं ते एवढंच, की तिकीट आता एका श्रीमंत क्लबाऐवजी तीनशेहून अधिक संलग्न क्लबांच्या हातून येऊ लागलं. मैदानी क्लब, कार्यालयांचे संघ, शाळा-महाविद्यालयं. कसोटीचं पाच दिवसांचं 'सीझन तिकीट' मिळवायचं तर यांपैकी कुणाच्या तरी सचिवाशी ओळख हवी. माटुंग्यातली, परळमधली कित्येक घरं क्रिकेट संघटनेच्या निवडणुकीच्या बातम्या का वाचायची, याचं उत्तर यात आहे. मत देणारा क्लब तोच तिकीट वाटणारा क्लब, म्हणून कोट्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. हा बंदोबस्त मात्र अगदीच वाईट नव्हता, हेही नोंदवायला हवं. ज्याने तीस वर्षं कांगा लीगचे स्कोअर लिहिले त्याला कसोटीचं एक तिकीट मिळालं तर त्यात गैर काय? प्रश्न त्याच्या शेजारच्या माणसाचा आहे, ज्याचं क्रिकेटवेड तितकंच आहे पण क्लब नाही.

हा शेजारी पहिल्यांदा ठळक दिसला २०११ मध्ये. विश्वचषकासाठी वानखेडे पाडून नव्याने बांधलं गेलं, ४५,००० ची क्षमता सुमारे ३३,००० वर आली. २ एप्रिलच्या अंतिम सामन्यासाठी सर्वसामान्यांना विकायला ठेवलेली तिकिटं होती फक्त ४,०००. उरलेली संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय संस्था, प्रायोजक वगैरेंकडे. सर्वसामान्यांच्या तिकिटांतली काही ऑनलाइन विकायचा प्रयत्न झाला आणि संकेतस्थळ कोसळलं. २०१३ च्या नोव्हेंबरात शहराच्या सर्वांत लाडक्या फलंदाजाच्या निरोपाच्या कसोटीला तेच झालं. त्याच फलंदाजाची २००६ च्या मार्चमध्ये इंग्लंडविरुद्ध एका धावेवर बाद झाल्यावर याच मैदानात हुर्यो उडवली गेली होती, हे तेव्हा कुणी बोलून दाखवलं नाही.

आयपीएलने २००८ पासून एक रस्ता मोकळा केला. इथे संघ कंपनीचा, तिकीट पैशाला, ओळखीची गरज कमी. उत्तरेकडची गॅलरी घोषणा देणाऱ्यांची म्हणून ओळखली जाऊ लागली आणि तिथे भेटलेल्या पोरांनी गट बांधले. आज ज्यांना आपण समर्थकांचे क्लब म्हणतो त्यांतले बरेच असे जमले. पण शब्द पुन्हा घोटाळ्यात सापडला. मुंबई इंडियन्सच्या मालकांनी चाहत्यांना 'पलटन' म्हटलं, निळे झेंडे वाटले. आता जो झेंडा फुकट मिळाला तो हलवणारा समर्थक की प्रेक्षक? गटांमधल्या जुन्या मंडळींचं म्हणणं असं की समर्थकाला हुर्यो उडवायचाही हक्क हवा. २०२४ च्या एप्रिलमध्ये संघाचा नवा कर्णधार हार्दिक पांड्या याच्याविरुद्ध वानखेडेवर जो गलका झाला तो त्या हक्काची टोकाची बाजू होती. समालोचकाने लोकांना नीट वागा असं सांगून पाहिलं, गलका वाढलाच. तीन महिन्यांनी, ४ जुलैला, ट्वेंटी-२० विश्वचषक घेऊन तोच खेळाडू त्याच मैदानात आला तेव्हा त्याच्या नावाचा गजर चालला होता. कट्ट्यावरचा खडूसपणा निदान सातत्याचा होता.

यामुळे समर्थकांच्या क्लबांना जवळची वाटते ती रणजी. कोटा नाही, तिकीटच नाही. हवी ती जागा पकडा, चार-पाच दिवस बसा. २०२४ च्या मार्चमध्ये विदर्भाविरुद्धचा अंतिम सामना वानखेडेवर झाला आणि मुंबईने १६९ धावांनी जिंकून ४२ वा करंडक उचलला. २०१५-१६ नंतरचा हा पहिला. मधल्या काळात २०१६-१७ ला गुजरातकडून आणि २०२१-२२ ला मध्य प्रदेशकडून अंतिम सामन्यात हार पत्करलेल्या पाठीराख्यांना आनंद दाखवायला या वेळी कुणी शिकवावं लागलं नाही.

मात्र रणजीचे सामने बहुतेकदा वानखेडेवर नसतात. ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर होतात, जिथे सरावाची सोय उत्तम आणि प्रेक्षकांची नाममात्र. २०२५ च्या जानेवारीत वानखेडेची पन्नाशी थाटात साजरी झाली. त्याच आठवड्यात भारताचा तेव्हाचा कर्णधार रोहित शर्मा बऱ्याच वर्षांनी रणजी खेळायला म्हणून या दुसऱ्या मैदानात उतरला. समोर जम्मू-काश्मीर. बघायला लोक आले, पहिल्या डावात तो ३ वर गेला, दुसऱ्या डावात २८ वर. तो गेल्यावर बरेचसे लोकही गेले. तिसऱ्या दिवशी जम्मू-काश्मीरने पाच गडी राखून मुंबईला हरवलं, तेव्हा मागे राहिले होते ते नेहमीचेच.