बर्लिनमधलं ते टेबल

ऑक्टोबर १८८९. बर्लिनमध्ये जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञांची परिषद भरली होती. स्पेनहून आलेले ३७ वर्षांचे एक प्राध्यापक तिथे टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडून उभे होते. प्रवासखर्च त्यांनी स्वतःच्या खिशातून केला होता. नाव सांतियागो रामोन इ काहाल. त्यांचे निबंध स्पॅनिशमध्ये होते, त्यामुळे युरोपातल्या बड्या मंडळींपैकी फारसं कुणी ते वाचलेले नव्हते. त्यांचं फ्रेंचही मोडकंतोडकं होतं. मग त्यांनी बोलण्याचा नाद सोडला आणि दाखवायला सुरुवात केली. आल्यागेल्याला भिंगापाशी आणायचं आणि म्हणायचं, बघा.

अल्बर्ट फॉन क्योलिकर यांनी पाहिलं. वय ७२, या शास्त्रातलं तेव्हाचं सर्वांत वजनदार नाव. त्यांना पटलं. पुढे काहालांचे निबंध मुळातून वाचता यावेत म्हणून ते त्या वयात स्पॅनिश शिकले.

भिंगाखाली असं होतं तरी काय? मेंदूचा कापलेला पातळ पापुद्रा साध्या रंगात बुडवला तर सगळ्याच पेशी रंगतात आणि नुसता गिचमीड काळोख दिसतो. इटलीच्या कामिल्लो गॉल्जी यांनी १८७३ साली एक युक्ती शोधली होती. ऊतक आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवायचं, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये. यात शंभरातल्या मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण ज्या होतात त्या शेंड्यापासून मुळापर्यंत. नेमक्या त्याच का, याचं पुरतं उत्तर अजूनही मिळालेलं नाही. काहालांनी हीच प्रक्रिया दोनदा केली, आणि मुख्य म्हणजे भ्रूणांचे आणि अगदी लहान पिल्लांचे मेंदू वापरले. त्या वयात चेतातंतूंवर मायलिनचं चरबीदार वेष्टण चढलेलं नसतं, त्यामुळे रंग आत शिरायला अडथळा येत नाही. आणि मग दिसलं की गॉल्जींसह बरेच जण तेव्हा मानत होते तसं तंतूंचं अखंड जाळं वगैरे काही नाही. प्रत्येक पेशी सुटी आहे, दुसरीच्या अगदी जवळ जाऊन थांबते. १८९१ साली जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डायर यांनी या सुट्या पेशीला ‘न्यूरॉन’ हे नाव दिलं.

मेंदूविज्ञानाच्या विभागीय परिषदेला पहिल्यांदाच निघालेल्या विद्यार्थ्याला मी हीच गोष्ट सांगतो, कारण पोस्टरचं दालन, जिथे जो तो आपलं काम एका मोठ्या कागदावर मांडून त्यापाशी उभा असतो, म्हणजे काहालांचं ते टेबलच. अमेरिकेतल्या ‘सोसायटी फॉर न्यूरोसायन्स’चं पहिलं वार्षिक अधिवेशन १९७१ साली झालं. अलीकडे त्या अधिवेशनाला वीस हजारांहून जास्त माणसं जमतात. तिथे नवखा माणूस गर्दीत हरवतो. विभागीय परिषदेचं तसं नसतं. एक-दोन दिवस, आटोपशीर गर्दी, आणि जिचे निबंध वाचून आपण प्रयोग आखला ती व्यक्ती चहाच्या रांगेत आपल्याच पुढे उभी. बीजभाषणं ऐकावीत, पण मला विचाराल तर त्यांतलं बहुतेक सगळं आधीच छापून आलेलं असतं. अर्धकच्चं, अजून वळवता येण्याजोगं काम भेटतं ते पोस्टरपाशी.

बहुतेक पोस्टर ‘ए शून्य’ मापाची, म्हणजे बरोबर एक चौरस मीटर कागद. त्यावर विद्यार्थी दोन वर्षांचं काम कोंबतो आणि समोरचा पाहुणा दोन मिनिटांत विचारतो, ‘उंदीर किती होते? मोजणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे माहीत होतं का?’ हा प्रश्न टोचतो. पण नियतकालिकाच्या परीक्षकाने वर्षभरानंतर विचारण्यापेक्षा आज विचारला गेलेला बरा, आज प्रयोग पुन्हा करता येतो.

पोस्टर किती चावरं असू शकतं याचा नमुना २००९ साली सॅन फ्रान्सिस्कोला मेंदू-प्रतिमांकनाच्या परिषदेत लागला होता. संशोधक क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक सॅमन मासा एफएमआरआय या मेंदूचं काम चित्रात दाखवणाऱ्या यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली आणि चित्रातल्या माणसाला काय वाटत असेल ते ओळखायला सांगितलं. मासा मेलेला होता. तरीही पडद्यावर त्याच्या मेंदूत एक ठिपका उजळला!

यात यंत्राचा दोष नव्हता, हिशेबाचा होता. एफएमआरआय मेंदूतल्या रक्तातल्या ऑक्सिजनचे चढउतार मोजतं, आणि तेही मेंदूचे हजारो चिमुकले ठोकळे पाडून, प्रत्येकाची वेगळी चाचणी घेऊन. एका चाचणीत निव्वळ योगायोगाने फसण्याची शक्यता हजारात एक धरली, तर साठ हजार ठोकळ्यांत साठ ठिकाणी खोटा उजेड पडणारच. माशाच्या बाबतीत ८,०६४ ठोकळ्यांपैकी १६ उजळले. इतक्या चाचण्या एकदम केल्याची गणिती दुरुस्ती लावल्यावर एकही उरला नाही. तेव्हा कित्येक अभ्यासक ही दुरुस्ती टाळत असत. त्यांना शंभर पानी टीकेने जे कळलं नसतं ते एका माशाने कळवलं. २०१२ साली या कामाला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं.

पोस्टरच्या दालनात गोंगाट भरपूर असतो, आणि गोंगाटातून मेंदू एकच आवाज कसा निवडतो हाही आपल्याच विषयातला प्रश्न. १९५३ साली संशोधक कॉलिन चेरी यांनी माणसांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणं सोडली आणि एकच मोठ्याने म्हणत राहायला सांगितलं. दुसऱ्या कानातलं भाषण मध्येच जर्मनमध्ये गेलं, तरी ऐकणाऱ्यांना पत्ता नव्हता. २०१२ साली, उपचारासाठी मेंदूवर इलेक्ट्रोड बसवलेल्या अपस्माराच्या रुग्णांमध्ये दिसलं की दोघं एकदम बोलत असताना श्रवण-बाह्यकातल्या, म्हणजे मेंदूच्या ऐकण्याचं काम करणाऱ्या भागातल्या, नोंदीत लक्ष दिलेल्याच आवाजाचा ठसा ठळक उमटतो. म्हणून पोस्टरपाशी समोरचा मान डोलवतोय पण नजर शेजारच्या फलकावर आहे असं दिसलं, तर बोलणं थांबवून एखाद्या आलेखावर बोट ठेवावं.

गॉल्जी मात्र बर्लिनच्या त्या टेबलापाशी आले नव्हते. बर्लिनहून परतताना काहाल त्यांच्या गावी, पावियाला, थांबले, पण भेट झाली नाही. दोघं समोरासमोर आले ते १९०६ साली स्टॉकहोमला, नोबेल विभागून घेताना. ११ डिसेंबरला गॉल्जी व्याख्यानाला उभे राहिले आणि त्यांनी न्यूरॉनच्या सिद्धांतावरच हल्ला चढवला. काहाल दुसऱ्या दिवशी बोलले.