कर्करुग्णांचा ताण : मानसिक आणि आध्यात्मिक उपचार

कर्करोगाच्या निदानामुळे आणि त्यानंतरच्या लांबलचक उपचारांमुळे येणारा ताण हलका करण्यासाठी समुपदेशन, गटचर्चा, ध्यान, योग आणि श्रद्धेचा आधार या मार्गांचा उपयोग करतात. या उपचारांनी गाठ विरघळत नाही. झोप, भीती आणि वेदना सोसण्याची ताकद यांत मात्र फरक पडतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांच्या १९८९ मधील अभ्यासात गटोपचार घेणाऱ्या स्तनकर्करुग्ण स्त्रिया जास्त काळ जगल्याचे दिसले होते. २००१ मध्ये २३५ स्त्रियांवरील मोठ्या चाचणीत आयुष्य वाढल्याचे आढळले नाही, पण मनःस्थिती सुधारली आणि वेदनाही कमी जाणवल्या.

नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग उपचार व संशोधन केंद्र ‘अ‍ॅक्ट्रेक’ आहे. तिथे येणाऱ्यांचा ताण एकट्या आजाराचा नसतो. केमोच्या तारखा, राहण्याची सोय, बुडालेला रोज, गावी ठेवलेली मुले हे सगळे फाइलबरोबरच येते. त्यामुळे ध्यान शिकवण्याआधी राहण्याचा आणि पैशांचा प्रश्न समाजसेवा विभागाकडे नेणे, हाही उपचाराचाच भाग धरायला हवा. ताण मोजायला ० ते १० अंकांचा ‘ताणमापक’ वापरतात. ४ किंवा अधिक अंक आले की पुढची चौकशी करतात.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे लपवाछपवी. “डॉक्टर, बाबांना सांगू नका हं,” असे मुलगा दाराबाहेर गाठून सांगतो. बाबांना बहुधा आधीच कळलेले असते. मग दोघेही एकमेकांसमोर हसरा चेहरा ठेवतात. समुपदेशक इथे निदान उघड करण्याची घाई करत नाही. रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे, ते आधी त्यालाच विचारतो. भीतीचे विचार तपासून पाहायला शिकवणारी वर्तनोपचार पद्धती आणि जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये सुरू केलेला आठ आठवड्यांचा सजगता (चालू क्षणावर लक्ष ठेवण्याचा सराव) कार्यक्रम यांचाही उपयोग होतो. नैराश्य तीव्र असेल तर मनोविकारतज्ज्ञाची औषधे लागतात.

वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी चौपदरी असते, अशी मांडणी ब्रिटिश डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी केली. मराठी घरात तिचा चौथा पदर नामस्मरण, हरिपाठ, पारायण यांतून सांभाळला जातो. ज्याला त्यात रस नाही त्याच्या हाती जपमाळ देण्यात मात्र अर्थ नाही. त्याहून घातक म्हणजे ‘पूर्वजन्मीचे भोग’ हे स्पष्टीकरण. त्यातून रुग्णाच्या मनात अपराधीपणा वाढतो, आणि बुवाबाबांच्या नादाने केमो अर्धवट सुटते ती वेगळीच.

योगासनेही सरसकट देत नाहीत. आजार हाडांत पसरला असेल तर वाकण्या-पिळण्याची आसने टाळतात; रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना संसर्गाची भीती असते, म्हणून भजनाच्या गर्दीत बसण्यापेक्षा घरीच अभंग लावलेले बरे. रात्री-बेरात्री मन फारच खचले तर रुग्ण किंवा नातेवाईक सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलू शकतात.